दप्तर, हक्क आणि परभणी जिल्हा : एका ग्रंथाचें परीक्षण

प्रा. अनुपमा राव यांचा ‘दि कास्ट क्वेश्चन’ हा इंग्रजी ग्रंथ सन २००९ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुद्रणालयानें प्रसिद्ध केला. महाराष्ट्रांतील दलितांच्या राजकीय जीवनाचा सुमारें शंभर वर्षांचा इतिहास त्यांत सात प्रकरणांत व एका उपसंहारांत मांडिला असून, सातवें प्रकरण परभणी जिल्ह्यांतील पिंपरी देशमुख या गांवीं सन १९९१ च्या ऑगस्टांत झालेल्या एका कोतवालाच्या खुनाविषयीं आहे. ग्रंथ प्रसिद्ध होऊन बरींच वर्षें लोटलीं. तेव्हां आज त्याचें परीक्षण कां, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर इतकेंच कीं, ज्या प्रश्नाभोंवतीं हा ग्रंथ फिरतो तो प्रश्न परभणीस तरी अद्यापि मिटलेला नाहीं. तो प्रश्न असा : ज्या समाजाच्या वांट्यास राजसत्ता आली नाहीं, जो प्रत्येक गांवांत संख्येनें थोडा आहे, आणि सार्वजनिक कामांत पुढें आल्याबद्दल ज्यास अनेकदां मार खावा लागला, तो समाज त्याच कामांत पुन्हां पुन्हां कां उतरतो?

पाश्चात्य पंडितांनीं याचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. सिडने व्हर्बा आदिकरून अमेरिकन विद्वानांच्या मतें माणसें सार्वजनिक कामापासून दूर राहतात तीं एक तर ऐपत नाहीं म्हणून, किंवा इच्छा नाहीं म्हणून, अथवा कोणीं बोलाविलें नाहीं म्हणून. मायकेल डॉसन यांनीं तेथील कृष्णवर्णीयांविषयीं लिहितांना सन १९९४ त आणखी एक गोष्ट पुढें आणिली. ती ही कीं, आपलें वैयक्तिक दैव आपल्या समाजाच्या दैवाशीं बांधलेलें आहे ही जाणीव माणसास मतपेटीपर्यंत नेते. हीं मतें टाकाऊ नाहींत. परंतु आपल्याकडे ऐपतीचा हिशेब उलटा पडतो. योगेंद्र यादव यांनीं मतदारांच्या पाहण्यांवरून सन १९९० नंतरच्या दशकाविषयीं दाखविलें आहे कीं, भारतांत गरीब व दलित मतदार सुस्थितांपेक्षां मतदानास मागें नाहींत. कित्येक वेळां पुढेंच आहेत. मग ऐपत नसतां ही उमेद कोठून आली, हें पाहावयास ज्या त्या मुलखाच्या इतिहासांतच शिरावें लागतें.

राव यांचें प्रतिपादन थोडक्यांत असें आहे. दलित हे संख्येनें अल्प म्हणून अल्पसंख्य नव्हेत. पिढ्यान्पिढ्यांच्या अवमानाच्या इतिहासामुळें ते एक ‘राजकीय अल्पसंख्य’ समाज ठरले, आणि त्यांस तसें ठरविण्यांत डॉ. आंबेडकरांचा व पुढें घटनेचा मोठा भाग आहे. आंबेडकरांनीं सन १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनांत अनुसूचित जातींस अल्पसंख्यांत गणिलें होतें, हें वाचकांस ठाऊकच आहे. पुढें कायद्यानें या समाजास संरक्षण दिलें. पण संरक्षण देतांना त्याची ओळख ‘ज्यावर अत्याचार होतो तो’ अशी कायम केली. हक्क मागावयास उभा राहिलेला माणूस कचेरींत शिरतांच पीडित होऊन बाहेर पडतो, हा लेखिकेचा मुख्य सिद्धांत होय. तो सूक्ष्म आहे व पुष्कळ अंशीं खराहि आहे. महाडच्या तळ्याचें विवेचन तर आम्हांस ग्रंथांतील उत्तम भागांपैकीं एक वाटलें. सन १९२३ मध्यें बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलांत मंजूर झाला, नंतर महाड नगरपालिकेनें तळें खुलें केल्याचें जाहीर केलें, २० मार्च १९२७ रोजीं सत्याग्रही त्या तळ्यावर गेले, आणि मग दहा वर्षें वाद चालला तो पाण्याचा नसून तळें कोणाचें याचा! सार्वजनिक म्हणविलेली वस्तु एका वर्गाची खासगी मिळकत असल्याचा दावा करण्यांत आला, व उच्च न्यायालयानें सन १९३७ त तो फेटाळिला. जात ही मिळकतीच्या रूपानें कशी नांदते हें लेखिकेनें येथें चांगलें उकलून दाखविलें आहे.

आमचा मतभेद सुरू होतो तो हा सिद्धांत परभणीस लावितांना. बोल्यांचा ठराव, महाडची नगरपालिका, मुंबईचें उच्च न्यायालय, पुणें करार हीं सर्व ब्रिटिश मुलखांतील होत. परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथें सन १९३२ च्या जातीय निवाड्याचा अंमल नव्हता आणि कौन्सिलांत ठराव आणणारा बोले नव्हता. फार काय, सभा भरविण्यासहि सरकारची परवानगी लागे. सन १९३७ त महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन परतूरला भरलें (परतूर तेव्हां परभणी जिल्ह्यांत होतें), त्यापासूनच या मुलखाच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ मानण्याची आपल्या ग्रंथकारांची रीत आहे. ती सोईची आहे, पण तींत एक गोष्ट दडून राहते. परभणी जिल्ह्यांत सार्वत्रिक मताधिकार सर्वांस एकाच दिवशीं मिळाला. देशमुख, कुणबी, ब्राह्मण, मुसलमान, महार, मांग या सर्वांनीं सन १९५१-५२ च्या निवडणुकींत तो प्रथमच बजाविला. मुंबई इलाख्यांत वरच्या वर्गांनीं आधीं मत मिळविलें व खालच्यांनीं मागाहून मागितलें. येथें तसा क्रम नाहीं. तेव्हां येथील दलितांची सार्वजनिक कामांतील धांव दुसऱ्यांस आधीं मिळालेल्या मताधिकाराकडे पाहून सुरू झाली असें म्हणतां येत नाहीं. तिची प्रेरणा दुसरीकडे शोधावी लागते. ग्रंथ मात्र मुंबई इलाख्याच्या १९३० च्या दशकांतून मराठवाड्याच्या १९६० च्या दशकांत येतो, आणि मधल्या हैदराबादी काळास त्यांत फार थोडी जागा मिळाली आहे.

तो मधला काळ फार बोधप्रद आहे. ‘कोणीं बोलाविलें नाहीं म्हणून माणसें येत नाहींत’ हें अमेरिकन मत येथें पारखून पाहतां येतें, कारण सन १९३८ ते १९४८ या दहा वर्षांत हैदराबाद राज्यांतील अस्पृश्यांस जितक्यांनीं बोलाविलें तितक्यांनीं क्वचितच कोणा समाजास बोलाविलें असेल. आर्यसमाज शुद्धीकरितां बोलावीत होता. इत्तेहादुल मुसलमीन धर्मांतराकरितां बोलावीत होती. स्टेट काँग्रेसला सत्याग्रही हवे होते. निजामाच्या दरबारास तर हिंदूंची बहुसंख्या कागदावर कमी करावयाची असल्यामुळें हा वर्ग निराळा मोजलेला हवा होता. बी. एस. व्यंकटराव लायक अली यांच्या मंत्रिमंडळांत गेले. श्यामसुंदर तर १९४८ त संयुक्त राष्ट्रसंघापुढें हैदराबादची बाजू मांडावयास गेलेल्या शिष्टमंडळांत होते. उलट डॉ. आंबेडकरांनीं नोव्हेंबर १९४७ त निवेदन काढून हैदराबादच्या अनुसूचित जातींनीं निजामाची बाजू घेऊं नये असें स्पष्ट बजाविलें. या ओढाताणीचा वृत्तांत पी. आर. वेंकटस्वामी यांनीं सन १९५५ च्या आपल्या दोन भागांच्या इंग्रजी ग्रंथांत लिहून ठेविला आहे. तो मराठी अभ्यासकांनीं अवश्य वाचावा. या सर्व बोलावण्यांपैकीं १९४८ नंतर गांवोगांव टिकलें काय? निजामी पक्ष तर राज्याबरोबरच गेला. टिकलें तें ३० डिसेंबर १९३८ रोजीं कन्नडजवळ मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनीं भरविलेल्या परिषदेचें सूत्र. तिला स्वतः आंबेडकर आले होते. ज्यांनीं या समाजास संख्या म्हणून बोलाविलें त्यांचें बोलावणें विरलें. ज्यांनीं पक्षकार म्हणून बोलाविलें त्यांचें राहिलें.

लाभाच्या आशेनें माणसें पुढें येतात हें दुसरें लोकप्रिय मत. त्याचा विचार लवकर आटपतां येतो. सन १९५६ च्या १४ ऑक्टोबरनंतर मराठवाड्यांतील महारांनीं मोठ्या संख्येनें बौद्धधर्म स्वीकारिला. सन १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें बौद्ध झालेल्यास अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती राहत नव्हत्या. त्या १९९० च्या दुरुस्तीनें परत मिळाल्या. मधलीं चौतीस वर्षें या लोकांनीं नुकसान सोसलें. महाराष्ट्र राज्यानें आपल्यापुरती भरपाई केली हें खरें, तथापि केवळ लाभाकरितां चालणारा समाज असा व्यवहार करीत नाहीं.

मग खरी प्रेरणा कोणती? आमच्या मतें ती आपलें नांव सार्वजनिक दप्तरांत हक्कदार म्हणून चढावें या इच्छेंत आहे, आणि ही इच्छा घटनेहून पुष्कळ जुनी आहे. गांवगाड्याचा अभ्यास करणारास हें नवल वाटूं नये. महार हा गांवच्या सार्वजनिक कामाच्या बाहेर कधींच नव्हता. वेस राखणें, सारा पोंचविणें, सरकारी माणसाची वाट दाखविणें हीं कामें त्याचीं; आणि शिवेचा तंटा पडला म्हणजे साक्ष त्याची. मराठी दप्तरांत शिवेच्या निवाड्यांचे कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, पाटील व कुळकर्णी भांडत असतां शीव चालून दाखविण्याचें काम महाराचें असे. त्र्यंबक नारायण आत्रे यांचें १९१५ चें ‘गांवगाडा’ महारांविषयीं कठोर आहे, तरी या कामांची व्याप्ति त्यांतहि दिसते. ज्याच्या पायांनीं गांवची हद्द ठरे त्यास गांवच्या विहिरीवर पाय ठेवितां येत नसे. सार्वजनिक कामाचा भार होता; सार्वजनिक वस्तूवर हक्क नव्हता. बेदरच्या पातशहानें अमृतनाकास बावन हक्कांची सनद दिली अशी जी परंपरागत कथा महारांत चालत आली, तिच्या अस्सलपणाचा वाद बाजूस ठेविला तरी तिचा अर्थ लहान नाहीं. बेदर परभणीहून दूर नव्हे. या समाजानें पिढ्यान्पिढ्या आठवण जपली ती पराक्रमाइतकीच एका कागदाची. सन १८९४ त गोपाळबाबा वलंगकरांनीं सैन्यभरतीकरितां सरकारकडे केलेल्या अर्जांतहि आधार पूर्वीच्या चाकरीचाच आहे : काम आम्हीं केलें, तें दप्तरीं आहे, मग हक्क कां नाहीं? हा युक्तिवाद दयेची याचना नव्हे. राव यांच्या सिद्धांतांत हक्कदार हा पीडित म्हणून घडतो; जुन्या कागदांत मात्र तो चाकरी केलेला म्हणून उभा राहतो, आणि ही दुसरी ओळख कायद्यानें पुसली नाहीं.

याचें सर्वांत बळकट प्रमाण परभणीच्या गायरानांत आहे. गायरान म्हणजे गांवच्या गुरांकरितां राखलेली सरकारी जमीन. बहुधा मुरमाड, उंचावरची, पाण्यावांचूनची. दादासाहेब गायकवाड यांनीं १९५९ त व पुन्हां ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह चालविले. मराठवाडाहि त्यांत होता. त्यानंतर गांवोगांव महार-मांगांनीं गायरानांत चार-दोन एकर नांगरावे, गांवकऱ्यांनीं उभ्या पिकांत गुरें सोडावीं, तहशिलीनें अतिक्रमणाचा दंड करावा, आणि पुढल्या मृगाला पुन्हां तीच जमीन नांगरली जावी, असें चक्र वर्षानुवर्षें चाललें. उत्पन्नाच्या दृष्टीनें पाहिलें तर हा खेळ खोटाच्या पदरीं पडणारा. परंतु दंड भरणारास पावती मिळे, आणि तलाठी ‘गांव नमुना १-इ’ या अतिक्रमणाच्या नोंदवहींत त्याचें नांव लिही. ती पावती लोक पेटीच्या तळाशीं देवासारखी जपून ठेवीत. त्यांचा अंदाज खरा ठरला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयानें १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळांतील भूमिहीन मागासवर्गीयांचीं शेतीकरितां झालेलीं अतिक्रमणें नियमित करण्याचें ठरलें, आणि ताब्याचा पुरावा म्हणून त्याच दंडाच्या पावत्या व त्याच नोंदी पुढें आल्या. अपराधाची नोंद तीच हक्काची सनद झाली! मुदतीची शेवटची तारीख आंबेडकरांच्या जयंतीची आहे, हेंहि लक्षांत घेण्याजोगें. अशा व्यवहारास नुसतें ‘अतिक्रमण’ म्हणणें इतिहासकारास शोभत नाहीं. सरकारी दप्तराची रीत ओळखून, दंड सोसून, तींत आपली जागा करून घेणें यापेक्षां नागरिकत्वाचें शिक्षण निराळें तें काय असतें? राव यांच्या ग्रंथांत हें प्रकरण यावयास हवें होतें. सूर्यकांत वाघमोरे यांच्या ‘सिव्हिलिटी अगेन्स्ट कास्ट’ (२०१३) या ग्रंथांत शेजारच्या बीड जिल्ह्यांतील मानवी हक्क अभियानाच्या निमित्तानें तें कांहीं अंशीं आलें आहे, आणि त्यांत मांगांचा भागहि दिसतो. राव यांच्या लिखाणांत ‘दलित’ म्हणजे बहुतेक ठिकाणीं महार असाच अर्थ होतो; परभणीसारख्या जिल्ह्यापुरती तरी ही उणीव मोठी आहे.

नामांतराविषयीं येथें दोनच शब्द. मराठवाडा विद्यापीठास आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें २७ जुलै १९७८ रोजीं केला आणि तत्कालीन पांचहि जिल्ह्यांत दलितवस्त्यांवर हल्ले झाले. नांव बदललें तें १४ जानेवारी १९९४ रोजीं. हे लोक एका नांवाकरितां एवढे कां भांडले, असें अद्यापि विचारलें जातें. विद्यापीठाचें पदवीपत्र हेंहि एक सार्वजनिक दप्तर आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या प्रश्नाचें फारसें गूढ राहत नाहीं.

आतां पिंपरी देशमुखच्या प्रकरणाकडे येऊं. गांवाच्या नांवांतच देशमुखी आहे. मृत मनुष्य कोतवाल, म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा सरकारी नोकर : दवंडी देणारा, नोटिसा पोंचविणारा, दप्तर उचलून नेणारा. जुन्या वेसकराची चाकरी सरकारी पगारावर करणारा तो वारसच होय. लेखिकेनें दिलेल्या हकीकतीप्रमाणें पावसांत त्यानें मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर आसरा घेतला, आणि देऊळ विटाळलें म्हणून तेथेंच त्यास मारण्यांत आलें. गांवांत आंबेडकरांच्या स्मारकावरून तेढ आधींपासूनच होती. पुढें पोलिसांचे कागद, साक्षी व न्यायालयांतील युक्तिवाद यांतून ही घटना कशी आकुंचित होत गेली, हें लेखिकेनें फार बारकाईनें दाखविलें आहे. सन १९८९ च्या अत्याचारप्रतिबंधक कायद्यांतील मोठ्या शिक्षेच्या कलमास, गुन्हा मृताच्या जातीच्या ‘कारणावरून’ झाला हें सिद्ध होणें आवश्यक होतें. तेव्हां न्यायालयापुढें प्रश्न उरतो तो मारणाराच्या मनांत काय होतें एवढाच, आणि गांवांतील वर्षानुवर्षांचें राजकारण बाहेर राहतें. (ग्रंथ निघाल्यानंतर, २०१५ च्या दुरुस्तीनें हे शब्द बदलले; आतां मृत मनुष्य त्या जातीचा आहे हें आरोपीस माहीत असणें पुरतें. पुढच्या आवृत्तींत याची नोंद व्हावी.)

हें सर्व मान्य. परंतु कोतवाल या शब्दावर लेखिकेनें आणखी थांबावयास पाहिजे होतें. देवळाच्या पायरीवर बसलेला मनुष्य गांवाच्या दृष्टीनें महार होता व सरकारच्या दृष्टीनें नोकर. दोन्ही ओळखी एकाच चाकरींतून आलेल्या. ज्याच्या खांद्यावर गांवचें दप्तर चालतें त्यास गांवच्या सार्वजनिक पायरीवर पावसापुरतेंहि बसतां येऊं नये, हा विरोध १९९१ त जन्मला नाहीं. तो वर सांगितलेल्या शिवेच्या निवाड्यांतलाच आहे. लेखिका त्यास कायद्याच्या आधुनिक ओळखीचा परिणाम समजते. आम्हांस त्यांत जुन्या चाकरीचें न फिटलेलें देणें दिसतें. आणि या भेदामुळें प्रेरणेच्या प्रश्नाचें उत्तरहि बदलतें : कायद्यानें दिलेली ओळख भोगण्याकरितां नव्हे, तर कायदा येण्यापूर्वींचें येणें वसूल करण्याकरितां हा समाज पुढें येतो.

पुतळ्यांविषयीं लेखिकेचें विवेचन प्रतीकांच्या अंगानें जातें. आम्हीं एक साधी गोष्ट जोडूं. पुतळ्यास जागा लागते. जागेस ग्रामपंचायतीचा ठराव, मोजणी व वरच्या कचेरीची परवानगी लागते. ज्यांचा पंचायतींत पूर्वीं आवाज नव्हता ते लोक पुतळ्याच्या निमित्तानें ठरावाची नक्कल मागूं लागले, सभेच्या इतिवृत्तावर हरकत घेऊं लागले. पंचायतींतील राखीव जागांस सन १९९३ त घटनेचा आधार मिळाला, त्यापूर्वींच ही तालीम होऊन गेली होती. भावनेचें म्हणून जें हिणविलें जातें त्याच्या पोटांत इतकें कागदी काम असतें.

परभणी शहरांत १० डिसेंबर २०२४ रोजीं आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ ठेविलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशींच्या बंदास हिंसक वळण लागलें, धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरास कायद्याचें शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडींत असतां मरण पावला. त्यानंतरची मुख्य मागणी होती ती पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदविण्याची. उच्च न्यायालयानें तसा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानें ३० जुलै २०२५ रोजीं तो कायम ठेविला. नोंद व्हावी एवढ्याकरितां सात महिने दोन न्यायालयें! पिंपरी देशमुखपासून येथपर्यंतचा धागा राव यांच्या ग्रंथावांचून नीट दिसला नसता, हें आम्ही मोकळेपणानें म्हणतों.

साधनांविषयीं सांगून हें परीक्षण पुरें करूं. लेखिकेनें मुंबईचें सरकारी दप्तर, मराठी नियतकालिकें व न्यायालयीन कागद उत्तम वापरले आहेत. परभणीकरितां याशिवाय तीन प्रकारचे कागद लागतील. सन १९५४-५५ चें खासरा पहाणी पत्रक, ज्यावरून गायरानाचा मूळचा ताबा कळतो. प्रत्येक सज्जांतील १-इ च्या जुन्या नोंदवह्या. आणि १९४८ पूर्वींचें तहशिलींतील दप्तर, जें उर्दूंत व फसली सनांत आहे. मोडी वाचणारे अभ्यासक आपल्याकडे अद्याप मिळतात; शिकस्ता उर्दू व मोडी दोन्ही वाचणारा विरळा. जिंतूर, गंगाखेड व पाथरी या तालुक्यांपासून आरंभ केल्यास काम आटोक्यांत राहील. १-इ च्या वह्या हाताळून जीर्ण होतात, आणि अतिक्रमण नियमित झाल्यावर त्या कोणास लागत नाहींत. तेव्हां त्यांच्या नकला आधीं घ्याव्या.